फिनिअस गेज : स्वभाव राहतो कुठे?



एखादं मूल एकाएकी चिडकं झालं की त्याचा स्वभाव बिघडला असं म्हणून आपण मोकळे होतो. पण स्वभाव राहतो कुठे? हा प्रश्न ज्याच्यामुळे डॉक्टरांना पडला, त्या फिनिअस गेजची ओळख आज करून घेऊ.

फिनिअसचा जन्म १८२३ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. मोठेपणी तो रेल्वेमार्ग बांधणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. कामाला वाघ, डोक्याने शांत. मालकांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.

१३ सप्टेंबर १८४८ चा दिवस. व्हर्मॉन्ट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ खडक फोडायचं काम चालू होतं. पंचवीस वर्षांचा फिनिअस खडकातल्या भोकात पहारीने सुरुंगाची दारू ठासत होता. अचानक दारूचा स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची ती पहार डाव्या गालातून शिरली आणि डोक्यातून आरपार वर निघाली.

आता नवल बघा! काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. डॉ. जॉन हार्लो यांनी उपचार केले. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, पण जीव वाचला. चालणं, बोलणं, आठवण, सगळं शाबूत होतं.

मग बदललं काय? तर माणूसच बदलला. हार्लो यांच्या नोंदीप्रमाणे तो हट्टी आणि उतावळा झाला, शिवीगाळ करू लागला. बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. मुकादमी त्याला परत मिळाली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही बरं का! १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोज तीच कामं. या शिस्तीमुळे तो बराच सावरला असावा, असं आजचे काही अभ्यासक मानतात. पुढे त्याला फिट येऊ लागल्या. २१ मे १८६० रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

संयम, नियोजन, चारचौघांत कसं वागावं याचं भान, यात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो, हे अशाच रुग्णांमुळे हळूहळू उलगडत गेलं.

म्हणून एक विनंती. डोक्याला मार लागल्यानंतर मुलाचं वागणं बदललं, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि असं मूल आपल्या वर्गात असेल, तर त्याला ठरलेलं वेळापत्रक, एका वेळी एकच सूचना आणि थोडा धीर द्या. वाईट मूल असा शिक्का मारणं सोपं असतं, पण तो पुसायला आयुष्य पुरत नाही.