विश्लेषण : मुरुमांच्या क्रीममधील ‘सॅलिसिलिक अ‍ॅसिड’ त्वचेपर्यंत कसे आले? कोण होते पॉल उन्ना?

मुरुमांवरील फेसवॉश, जेल किंवा सीरमच्या बाटलीवर ‘२ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड’ असे ठळक छापलेले दिसते. आकडा मोठा म्हणजे गुण लवकर, असे समजून खरेदी करणारेही पुष्कळ. मात्र घटक कोणता, याइतकेच तो किती प्रमाणात आणि कशात मिसळून लावला, हेही महत्त्वाचे असते. सुमारे १४० वर्षांपूर्वी हे पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना हे अग्रणी होते.

पॉल उन्ना कोण होते?

उन्ना यांचा जन्म ८ सप्टेंबर १८५० रोजी हॅम्बुर्गमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. हायडेलबर्ग येथे वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. उन्ना सैन्यात दाखल झाले आणि गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांनी लाइपझिग आणि स्ट्रासबर्ग येथे शिक्षण पूर्ण केले. त्यांचा प्रबंध त्वचेच्या सर्वांत वरच्या आवरणावर होता. त्यावरून वाद झाला आणि दुरुस्तीनंतरच तो स्वीकारला गेला. पुढे व्हिएन्नामध्ये फर्डिनांड हेब्रा आणि मोरिट्झ कापोसी या त्या काळच्या नामांकित त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यांनी अनुभव घेतला. हॅम्बुर्गला परतून वडिलांच्या दवाखान्यात आणि सार्वजनिक रुग्णालयात काम केल्यावर १८८१ मध्ये त्यांनी त्वचारोगांसाठी स्वतःचा दवाखाना काढला. हॅम्बुर्गमध्ये तेव्हा विद्यापीठच नव्हते. तरीही सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा असलेल्या या खासगी दवाखान्यात शिकायला परदेशांतून डॉक्टर येऊ लागले.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडबाबत त्यांनी काय दाखवले?

हे आम्ल उन्ना यांनी शोधलेले नाही. विलो झाडाच्या सालीतील औषधी गुणाशी त्याचे नाते आहे आणि नावही त्या झाडाच्या लॅटिन नावावरूनच आले. १८७४ मध्ये ड्रेस्डेनजवळ ते कारखान्यात तयार होऊ लागले आणि स्वस्त झाले. उन्ना यांनी १८८२ मध्ये त्याच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. कमी प्रमाणात लावल्यास त्वचेचा वरचा थर नीट तयार होण्यास मदत होते आणि जास्त प्रमाणात तोच थर सुटून निघतो, अशी त्यांची मांडणी होती. थोडक्यात, पदार्थ तोच, पण मात्रेनुसार काम वेगळे. आजही मुरुमांवरील उत्पादनांत हे आम्ल साधारण अर्धा ते २ टक्के असते. चामखीळ काढण्याच्या औषधात मात्र ते १७ टक्क्यांच्या आसपास वापरले जाते. हे दुसरे औषध कोणी चेहऱ्यावर लावले, तर त्वचा भाजेल.

मुरुमांवर याचा उपयोग का होतो? मुरुमाची सुरुवात केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात होते. मृत पेशी आणि तेल साचून तेथे बूच बसते. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळते. त्यामुळे ते तेलकट छिद्रात शिरते आणि चिकटलेल्या मृत पेशी सैल करते.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले का?

नाही. १८९६ मध्ये उन्ना यांनी ब्लॅकहेडमधील द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातील दंडाकार जिवाणूंचे वर्णन केले. मुरुमांचे कारण हेच, असे तेव्हा वाटले. हा जिवाणू निरोगी त्वचेवरही राहतो, हे नंतर स्पष्ट झाले. जास्तीचे तेल, छिद्रातील बूच, जिवाणू आणि दाह या चारही गोष्टी एकत्र आल्या की मुरूम होतो, असे आज मानले जाते. एकच घटक सर्वांना का लागू पडत नाही, याचे उत्तर यात आहे.

त्यांनी प्रचारात आणलेल्या औषधांचेही तसेच. माशांचे जीवाश्म असलेल्या खडकातील तेलापासून बनणारे, डांबरासारखा वास येणारे इक्थिऑल आता मागे पडले. रिसॉर्सिनॉल त्वचेतून रक्तात जाऊ शकते, हे कळल्यावर त्याचा वापरही मर्यादित झाला.

‘बेस’ला महत्त्व का?

औषध ज्यात मिसळतात, तो बेस. औषध त्वचेवर किती वेळ टिकेल आणि किती आत जाईल, हे त्यावर ठरते. म्हणून उन्ना यांनी औषधनिर्माते पॉल बायर्सडॉर्फ यांच्यासोबत औषधी पट्ट्या तयार केल्या. बायर्सडॉर्फ यांना १८८२ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पायावरील जखमांसाठी उन्ना यांनी आणलेली झिंकची पट्टी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे रसायनतज्ज्ञ आयझॅक लिफशुट्झ यांनी लोकरीच्या मेणापासून असा पदार्थ काढला, की तेल आणि पाणी एकजीव राहू लागले. त्याचे मोल उन्ना यांनी ओळखले आणि बायर्सडॉर्फ कंपनीचे तेव्हाचे मालक ऑस्कर ट्रोप्लोविट्झ यांच्या ते लक्षात आणून दिले. त्यातूनच १९११ मध्ये निव्हिया क्रीम बाजारात आले.

आज लेबल वाचताना काय पाहावे?

पहिली गोष्ट प्रमाण. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हे १० टक्क्यांइतकेच उपयोगी पडते आणि त्वचेची जळजळ मात्र कमी करते, असे चाचण्यांत दिसले आहे. दुसरी गोष्ट बेस. फेसवॉश मिनिटभरात धुतला जातो, जेल मात्र तासन्‌तास राहते. त्यामुळे दोन्हींवर २ टक्के लिहिले असले तरी परिणाम सारखा नसतो. तेलकट त्वचेला जाड मलमापेक्षा जेल सहसा बरे. तिसरी गोष्ट काम. सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅडापलीनसारखी रेटिनॉइड बूच मोकळे करतात, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते. सगळे एकदम सुरू केले तर त्वचा सोलवटते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. गरोदरपणात रेटिनॉइड टाळावे. स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमने चेहरा काही दिवस उजळ दिसतो, मात्र पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम वाढतात. खड्डे किंवा गाठी असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणेच योग्य.

उन्ना यांना मान्यता कधी मिळाली?

उशिरा. १८९४ मध्ये त्वचारोगांच्या सूक्ष्मरचनेवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. मात्र हॅम्बुर्ग शहराने त्यांना प्राध्यापक ही पदवी दिली ती १९०७ मध्ये. १९१९ मध्ये शहरात विद्यापीठ स्थापन झाले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना तेथे त्वचारोगशास्त्राचे अध्यापन मिळाले. २९ जानेवारी १९२९ रोजी हॅम्बुर्गमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांची अनेक औषधे आता वापरातून गेली आहेत, पण मात्रा आणि बेस पाहूनच औषध निवडण्याची त्यांची शिस्त त्वचारोगतज्ज्ञ आजही पाळतात.