अलेक्झांड्रियाच्या वेशीतला इब्न बतूता

शाळेत वेड्या महंमदाच्या धड्यात इब्न बतूता हे नाव एका ओळीपुरते भेटले होते. जोड्या जुळवण्यापलीकडे त्याला किंमत नव्हती. पुढे घर सोडून वसतिगृहात आलो, त्याचे प्रवासवृत्त हाती पडले, आणि पहिल्या काही पानांतच हा माणूस मला आपल्यातला वाटू लागला.

मोरोक्कोतील तांजिर गावी, काझींच्या घराण्यात १३०४ साली त्याचा जन्म झाला. १३२५ च्या जूनमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मक्केच्या यात्रेसाठी तो एकटाच निघाला. आईवडील हयात होते. वाटेत ताप भरला, तेव्हा खोगिरावरून पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला बांधून घेतले. काफिला ट्यूनिसला पोचताच गावकरी सामोरे आले. जो तो ओळखीच्याला कवटाळीत होता. याची कोणी विचारपूस करीना. त्याला रडू कोसळले. एका यात्रेकरूने ते पाहिले आणि गप्पागोष्टी करीत त्याला शहरात नेले. वसतिगृहातील पहिल्या संध्याकाळी इतर मुलांचे वडील गाद्या-बादल्या घेऊन जिने चढत होते आणि मी व्हरांड्यात उगाच सूचनाफलक वाचीत उभा होतो. हा प्रसंग मी दोनदा वाचला तो त्यामुळेच. (इजिप्त येईपर्यंत या रडणाऱ्या मुलाने वाटेत लग्न केले, सासऱ्याशी भांडून ते मोडले आणि दुसरेही केले, हेही सांगितलेच पाहिजे!)

५ एप्रिल १३२६ रोजी तो अलेक्झांड्रियाला पोचला. शहराला चार दरवाजे, आणि बंदर तर असे की पुढे जग पाहून झाल्यावरही त्याच्या तोडीला त्याने आपली कोल्लम व कालिकत, क्रिमियातील सुदाक आणि चीनमधील जैतून एवढीच बंदरे बसवली. तिथला प्राचीन दीपस्तंभ १३०३ च्या भूकंपाने खिळखिळा झालेला होता. इब्न बतूताने पाहिला तेव्हा त्याची एक बाजू ढासळली होती. पण आत जाता येत होते. दरवाजा जमिनीपासून उंच. समोर तेवढ्याच उंचीची इमारत. दोहोंमध्ये फळ्या टाकायच्या आणि वरून चालत जायचे. फळ्या काढल्या की वाट बंद! स्तंभाची प्रत्येक बाजू १४० वीत भरली, हेही त्याने नोंदवले आहे.

याच शहरात बुऱ्हानुद्दीन नावाच्या लंगड्या साधुपुरुषाकडे तो तीन दिवस राहिला. हा मुलगा देशोदेशी फिरणार हे त्याने ओळखले आणि हिंदुस्थान, सिंध व चीनमधील आपल्या तिघा बंधूंना सलाम सांगायला लावले. तोवर त्याच्या मनात तिकडे जाण्याचा विचारही नव्हता. मला शंका येते ती अशी की, हे सारे त्याने तीस वर्षांनी आठवून सांगितले आहे. भविष्य नेमके जुळते यात नवल ते काय? पण तो गेला, हे खरे. दिल्लीत तुघलकाचा काझी झाला. १३४२ च्या सुमारास सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला असता वाटेत आपल्या दौलताबादेस आला. तिथली द्राक्षे, डाळिंबे आणि किल्ल्यातल्या कैद्यांच्या खड्ड्यांतले मांजरांहून मोठे उंदीर, सगळेच त्याने टिपले. पुढे कालिकतला वादळात जहाजे फुटली, मालदीवमध्ये पुन्हा काझीपद मिळाले. ती हकीकत फार लांबेल.

परतताना १३४८ मध्ये दमास्कसला त्याला कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. तेव्हा महामारीने कहर मांडला होता. त्यानंतर तो पुन्हा अलेक्झांड्रियात आला. तिथे दिवसाला १०८० पर्यंत माणसे मेली होती आणि साथ नुकती ओसरत होती. तो दीपस्तंभ पाहायला गेला. आता दरवाजापर्यंत चढणेही अशक्य होते, इतका तो कोसळला होता.

घर जवळ आले. ताझा गावी बातमी मिळाली की आई त्याच साथीत गेली. फेजला सुलतानाची भेट घेऊन तो तांजिरला तिच्या कबरीपाशी गेला, आणि थोड्याच काळात स्पेनच्या वाटेला लागला. त्यानंतर सहारा ओलांडून मालीला.

१३५५ साली त्याच्या सांगण्यावरून इब्न जुझय्य याने हे प्रवासवृत्त लिहून पुरे केले. त्यात दीपस्तंभाच्या फळ्या आहेत, विती आहेत. आईच्या मृत्यूला मात्र एखाददुसरे वाक्य. ते मला तेव्हा खटकले, आणि अजून खटकते.