पु. ल. देशपांडे यांचा शेवटचा आजार



घरभेटीला गेलो की कधी कधी घरची माणसे आमच्या कानाशी येऊन सांगतात, की हल्ली बाबा हसत नाहीत, बोलत नाहीत, सारखे रागावलेले दिसतात. बाबा शेजारीच खाटेवर बसलेले असतात आणि सगळे ऐकत असतात. अशा वेळी आम्हांला पु. ल. देशपांडे आठवतात.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. लेखक, नाटककार, नट, संगीतकार, उत्तम पेटीवादक अशी त्यांची किती रूपे सांगावीत! 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटात कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका सारे त्यांचेच. 'बटाट्याची चाळ' तर ते एकटे रंगमंचावर उभी करीत. चेहरा, आवाज आणि हात ही त्यांची खरी संपत्ती. तिच्यातून मिळालेला पैसा त्यांनी समाजकार्याला सढळ हाताने दिला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला १९८६ साली सुरुवातीला मिळालेले बळ त्यांच्याच प्रतिष्ठानचे.

उतारवयात त्यांना पार्किन्सन्सने गाठले. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून हे नाव. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन असते. हालचालींचे निरोप सुरळीत पोचायला ते लागते. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. मग चाल मंदावते, अंग ताठरते, हात मांडीवर स्वस्थ असतानाही थरथरतो. अक्षर बारीक होत जाते, आवाज खोल जातो. चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात आणि चेहरा मुखवट्यासारखा दिसू लागतो. आत हसू असते, पण ते ओठांपर्यंत पोचत नाही. म्हणजे पु. लं.ची जी संपत्ती, नेमका तिच्यावरच हा आजार घाला घालतो.

१९९६ चा पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार त्यांना मिळाला. ज्यांनी आयुष्यभर सभा गाजवल्या, त्यांचे त्या सोहळ्यातले भाषण पत्नी सुनीताबाईंनी वाचून दाखवले. पण त्या भाषणात सत्तेबद्दलचे विचार इतके परखड होते, की सत्ताधारी दुखावले आणि महाराष्ट्रात वाद पेटला. आवाज सुनीताबाईंचा होता, विचार पु. लं.चेच होते. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९४६ साली याच तारखेला त्यांचा सुनीताबाईंशी विवाह झाला होता.

आपले परमगुरू संत जॉन पॉल दुसरे यांनाही हाच आजार होता. तरुणपणी तेही रंगभूमीवर काम करीत. २००५ च्या पुनरुत्थान रविवारी ते खिडकीत आले, पण शब्द फुटले नाहीत. हातानेच त्यांनी आशीर्वाद दिला.

बंधुभगिनींनो, आपल्या गावात हात थरथरला की पहिला संशय दारूचा येतो. ज्याने कधी थेंब घेतला नाही, त्याच्या मनाला तो किती लागत असेल! थरथरीची कारणे अनेक आहेत. चहाचा कप उचलताना होणारी थरथर बहुधा निराळ्या आजाराची असते. थायरॉइडने किंवा काही औषधांनीही हात कापतो. उलट, कंपवाताच्या काही रुग्णांना थरथर नसतेच. द्राक्षाच्या छाटणीत कात्री धरलेला हात विनाकारण मंदावला, चालताना एक हात हलेनासा झाला, सही बारीक होऊ लागली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही, पण गोळ्या ठरलेल्या वेळी घेतल्या आणि व्यायाम ठेवला तर पुष्कळ वर्षे बरी जातात. गोळ्या मनाने बंद करू नयेत. खाजकुइलीच्या बियांत या आजारावरच्या औषधातले द्रव्य असते हे खरे, पण तिचे चूर्ण मनाने घेणे धोक्याचे आहे. काहींना उदासी येते, पुढे विसरही पडतो. त्यावरही उपचार आहेत, म्हणून ते डॉक्टरांना सांगावे.

एक गोष्ट मात्र आपल्याच हाती आहे. मिस्सानंतर अशी व्यक्ती दारापाशी भेटली, तर तिच्या मुलाला किंवा सुनेला तिची चौकशी करू नका. तिलाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, आवाज बारीक असेल. मोटारसायकलची किल्ली खिशात ठेवा आणि थांबा. आम्ही स्वतःही घाईत पुढे निघून गेलो आहोत, हे कबूल करतो. आता थांबायला शिकत आहोत.

आपले धर्मगुरू