नेपल्सचा गायक : एन्रिको कारुसो

इटलीतील नेपल्स या बंदराच्या शहरात २५ फेब्रुवारी १८७३ रोजी एका गरीब कामगाराच्या घरी एन्रिको कारुसो याचा जन्म झाला. वडील कारखान्यात यंत्रांचे काम करीत. मुलानेही तोच व्यवसाय करावा, अशी त्यांची इच्छा होती. लहान वयातच एन्रिको कारखान्यात उमेदवारी करू लागला. मात्र चर्चमधील गायकवृंदात त्याचा आवाज उठून दिसे आणि त्याच्या आईला त्याचे मोठे कौतुक होते. तो पंधरा वर्षांचा असताना ती वारली. त्यानंतर गाणे हेच आपले जीवन, असे त्याने ठरवले.

ऑपेरा हे पाश्चात्त्य संगीतनाटक होय. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे आलटून पालटून येतात. ऑपेरात बहुधा सारे संवादच गाऊन सादर केले जातात. ध्वनिवर्धक नसताना मोठ्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. कारुसोचा आवाज प्रारंभी लहान होता आणि वरच्या स्वरांत फाटत असे. गुरूला फी देण्यास पैसे नव्हते. म्हणून पुढील कमाईतील चौथा हिस्सा देण्याचा करार करून तो शिकला. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे हे शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा त्याचा भाऊ त्याच्या जागी सैन्यात गेला.

१५ मार्च १८९५ रोजी तो नेपल्समध्ये ऑपेराच्या रंगभूमीवर प्रथम उभा राहिला. त्या काळात एका छायाचित्रासाठी त्याने अंगाभोवती चादर गुंडाळली होती, कारण एकुलता एक सदरा धुण्यास टाकला होता, असे सांगतात. १८९८ मध्ये मिलान येथे ‘फेदोरा’ या नव्या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाने त्याचे नाव झाले आणि १९०० मध्ये तेथील विख्यात ला स्काला नाट्यगृहाचे दार त्याला उघडले.

डिसेंबर १९०१ मध्ये तो मोठ्या आशेने आपल्या गावी, सान कार्लो नाट्यगृहात गायला. परंतु श्रोत्यांनी थंडपणे स्वागत केले आणि समीक्षकांनी दोष काढले. दुखावलेल्या कारुसोने नेपल्समध्ये पुन्हा न गाण्याचा निश्चय केला आणि तो अखेरपर्यंत पाळला.

११ एप्रिल १९०२ रोजी मिलानमधील एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने त्याची दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. मोबदला शंभर पौंड ठरला होता. तेव्हा अनेक नामवंत कलावंत ध्वनिमुद्रिकेला खेळणे समजत. गायकाने कर्ण्यासमोर गायचे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची, अशी ती पद्धत होती. कारुसोचा भरदार आवाज तिला फार मानवला. त्याच वर्षाच्या अखेरीस गेसबर्ग भारतात आला आणि कोलकात्यात त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले.

१९०३ मध्ये कारुसो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दाखल झाला आणि तेथे त्याने आठशेहून अधिक प्रयोग केले. ज्यांना नाट्यगृहाचे तिकीट परवडत नव्हते आणि ज्यांनी ऑपेरा कधी पाहिला नव्हता, त्यांच्या घरी तबकडीवरून त्याचा आवाज पोचला. कारखान्यात वाढलेल्या या गायकाची कला यंत्रानेच सर्वदूर नेली.

डिसेंबर १९२० मध्ये प्रयोग चालू असताना त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले. तरीही तो काही वेळ गात राहिला. त्याच महिन्याच्या २४ तारखेचा प्रयोग अखेरचा ठरला. फुप्फुसाच्या आवरणाचा आजार बळावला आणि अनेक शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी तो मायदेशी परतला. २ ऑगस्ट १९२१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नेपल्समध्येच त्याचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला सारे शहर लोटले. ज्या गावात त्याने पुन्हा गाणे नाकारले होते, तेथेच त्याला चिरविश्रांती मिळाली. आणि त्याचा आवाज तबकड्यांच्या रूपाने त्या गावातही ऐकू येत राहिला.