परचक्रात घडलेले नेतृत्व : महाराणी ताराबाई

मढ-ओतूरकडून जुन्नरला येताना शिवनेरीचे दर्शन झाले की शिवजन्माच्या आठवणीने आपला ऊर भरून येतो. परंतु हा गड पुढे शिवकाळातही मोगलांकडेच राहिला, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. परकी अंमल म्हणजे काय, हे आपल्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. असे परचक्र साऱ्या महाराष्ट्रावर कोसळले, तेव्हा एका तरुण विधवेचे नेतृत्व त्यातून घडले.

ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. त्यांचा जन्म १६७५ चा. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत वडील पडले. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई व बाल शाहू कैदेत गेले आणि ताराबाईंचे पती राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. इकडे रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार सांभाळला. राजधानी शत्रूच्या हाती असूनही राज्य जिवंत राहू शकते, हे त्या काळाने ताराबाईंना दाखवले.

२ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. ताराबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या, मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. प्रारंभी त्यांनी तहाची बोलणी लावून पाहिली. बादशहाने ती झिडकारली. मग मात्र त्यांनी मुलाला गादीवर बसवून युद्धाची सूत्रे हाती घेतली. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे एकेक गड औरंगजेब घेत गेला. मराठे गड शक्य तितका लढवत, पावसाळा तोंडावर आला की रक्कम घेऊन तो सोडत आणि बादशहाची पाठ फिरली की परत घेत. त्याच वेळी धनाजी जाधव, नेमाजी शिंदे आदी सरदार माळवा-गुजरातेपर्यंत धडका मारत होते. १७०४ चा पावसाळा बादशहाने आंबेगावच्या दक्षिणेस, खेडला छावणीत काढला. गड जिंकूनही मुलूख जिंकला जात नव्हता. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) त्याने देह ठेवला.

परंतु कसोटी पुढेच होती. मोगलांनी शाहूंना सोडले आणि गादीचा वाद पेटला. ऑक्टोबर १७०७ मध्ये त्याच खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी शाहूंना मिळाले आणि ताराबाईंचा पराभव झाला. सरदारांना दिलेल्या मोकळिकीनेच युद्ध तारले होते. शत्रू दूर होताच त्याच मोकळिकीने त्यांना आपला धनी निवडता आला. पुढे १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पक्षाने ताराबाईंना मुलासह पन्हाळ्यावर कैद केले. उतारवयात साताऱ्यास त्यांनी पुन्हा राजकारणात उडी घेतली, १७५० मध्ये छत्रपती रामराजांनाच कैदेत टाकले आणि पानिपतच्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये, त्या निवर्तल्या.

संकटात माणसे एकत्र आणणे आणि संकट टळल्यावर ती एकत्र राखणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले ताराबाईंनी असे केले की त्याला आपल्या इतिहासात तोड नाही. दुसरे त्यांना साधले नाही. म्हणून त्यांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. मात्र नेतृत्वाची परीक्षा केवळ रणांगणावर संपत नाही, हे खेडची ती एकच भूमी आपल्याला दोनदा सांगते.