टॉम मॉरिस (थोरले)

टॉम मॉरिस (१६ जून १८२१ – २४ मे १९०८) हे स्कॉटिश गोल्फपटू, गोल्फ मैदानांचे रचनाकार आणि प्रेस्टविक गोल्फ क्लबच्या पहिल्या मैदानाचे निर्माते होते. त्याच नावाच्या पुत्रापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना 'ओल्ड टॉम' म्हटले जाते.

सुरुवातीचे जीवन

मॉरिस यांचा जन्म सेंट अँड्रूज येथे एका विणकराच्या घरी झाला. किशोरवयातच ते नामवंत गोल्फपटू ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे चेंडू बनवण्याचे काम शिकू लागले. त्या काळी चामड्याच्या वेष्टनात पिसे ठासून चेंडू तयार करीत. १८४८च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेले स्वस्त चेंडू आले आणि रॉबर्टसन यांचा व्यवसाय धोक्यात आला. मॉरिस नव्या चेंडूने खेळल्याचे कळताच दोघांत बेबनाव होऊन त्यांना ते काम सोडावे लागले.

प्रेस्टविक

१८५१ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक गोल्फ क्लब स्थापन झाला. संस्थापकांपैकी जेम्स ओगिल्व्ही फेअरली यांच्या पुढाकाराने मॉरिस तेथे रुजू झाले. जागा अपुरी आणि वाळूच्या टेकड्यांनी भरलेली होती. टेकड्या सपाट न करता मॉरिस यांनी त्यांचाच अडथळा म्हणून उपयोग केला आणि एकमेकांना छेदणारे १२ होल आखले. मैदानाची एकूण लांबी ३,७९९ यार्ड होती.

१७ ऑक्टोबर १८६० रोजी याच मैदानावर पहिली ओपन स्पर्धा झाली. तीत विली पार्क विजयी झाले आणि मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिले. पुढे १८६१, १८६२, १८६४ व १८६७ मध्ये त्यांनी ही स्पर्धा जिंकली. शेवटच्या विजयाच्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. स्पर्धेचा सर्वांत वयस्कर विजेता हा त्यांचा मान आजही अबाधित आहे. १८६८ मध्ये त्यांचा १७ वर्षांचा पुत्र टॉमी विजेता ठरला आणि पित्यास दुसरे स्थान मिळाले.

सेंट अँड्रूज

१८६४ मध्ये सेंट अँड्रूजच्या मैदानाची देखभाल करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. हे काम त्यांनी १९०३ पर्यंत केले. गवतावर नियमितपणे वाळू पसरून हिरवळ निरोगी राखण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. मैदानाला विश्रांती हवी म्हणून रविवारी खेळ बंद ठेवण्याबाबत ते आग्रही होते. रॉयल काउंटी डाउन व म्युअरफील्ड या मैदानांची मूळ आखणीही त्यांचीच आहे.

कौटुंबिक आघात

सप्टेंबर १८७५ मध्ये पिता-पुत्र नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असताना टॉमीची पत्नी मार्गारेट प्रसूतीत अत्यवस्थ असल्याची तार आली. दोघे बोटीने खाडी ओलांडून निघाले. परंतु ते घरी पोहोचण्यापूर्वीच माता व बालक दोघेही मरण पावले होते. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी, अवघ्या २४व्या वर्षी टॉमीचेही निधन झाले. पुढील वर्षी मॉरिस यांच्या पत्नी नॅन्सी वारल्या. मॉरिस यांनी आपली सर्व अपत्ये हयातीतच गमावली.

मृत्यू आणि वारसा

सेंट अँड्रूज येथील एका क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. कॅथेड्रलच्या आवारात, टॉमीच्या थडग्याजवळ त्यांचे दफन करण्यात आले. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवरील अठराव्या होलला टॉम मॉरिस यांचे नाव आहे.