बेरजेचं राजकारण : यशवंतराव चव्हाण

अमेरिकेतल्या निवडणुकीचं वर्ष आलं की आमच्या वेस्ट विंडसरमध्ये पॉटलकची यादी करताना जरा विचार करावा लागतो. एरवी एकाच गाडीतून प्रिन्स्टन जंक्शन गाठणारे दोन मित्र, एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. गेल्या खेपेला बटाटेवडे खाता खाता गोष्ट टॅक्सवर गेली, टॅक्सवरून इमिग्रेशनवर, आणि त्यानंतर दिवाळीच्या फराळाला त्यांच्यापैकी एक कुटुंब आलंच नाही. गंमत म्हणजे आपल्या टाउनशिपच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावसुद्धा नसतं! त्या रिकाम्या खुर्च्या बघून मला यशवंतराव चव्हाण आठवले.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील लवकर गेले. आई विठाईने कष्ट करून मुलांना वाढवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच यशवंतराव स्वातंत्र्यलढ्यात पडले आणि १९३२ साली तुरुंगात गेले. तिथे गांधीवादी, समाजवादी, रॉयवादी अशा सगळ्यांचे वाद त्यांनी जवळून ऐकले. वेगळ्या मताच्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय बहुधा तिथेच लागली असावी. पुढे कोल्हापूर, पुणे, वकिली. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि दोन महिन्यांत ते भूमिगत झाले. नव्या नवरीलाही तुरुंग बघावा लागला.

१९४६ साली ते मुंबईच्या विधिमंडळात गेले. खरी परीक्षा मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात झाली. मुंबईसह मराठी राज्य हवं म्हणून लोक रस्त्यावर उतरले, शंभराहून अधिक माणसांचे बळी गेले. अशा वेळी यशवंतरावांनी फलटणच्या सभेत महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे अशा अर्थाची भूमिका घेतली. लोकांनी त्यांना थेट सूर्याजी पिसाळाच्या पंक्तीत बसवलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने त्यांना झोडपायला सुरुवात केली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं. कराडला खुद्द यशवंतराव जेमतेम निवडून आले.

समोर संयुक्त महाराष्ट्र समितीचे एस. एम. जोशी होते. एसेम म्हणजे साधा, निर्मळ, पण मागे न हटणारा माणूस. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंतप्रधान नेहरू येणार होते. समितीने निदर्शनं जाहीर केली. पसरणी घाटात, पोलादपूरच्या बाजूला हजारो लोक काळे झेंडे घेऊन उभे राहिले. एक दगड भिरकावला गेला असता किंवा एक गोळी सुटली असती, तर सगळंच बिघडलं असतं. पण सरकारने संयम ठेवला आणि समितीने शिस्त. निदर्शनं शांततेत पार पडली, आणि मराठी माणसाच्या मनात काय आहे ते नेहरूंनी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर यशवंतरावांनी दिल्लीला हळूहळू पटवलं की द्वैभाषिक राज्य चालणार नाही. समिती बाहेरून रेटा देत होती, हे आतून दार उघडत होते. पक्ष दोघांनीही सोडला नाही, एकमेकांवर टीका करणंही थांबवलं नाही. नव्या राज्याचं नाव मुंबईच ठेवावं असा विचार होता. समितीने ‘महाराष्ट्र’चा आग्रह धरला आणि तेच नाव झालं. १ मे १९६० रोजी राज्य जन्माला आलं. बेळगाव-कारवार बाहेर राहिलं, ती सल मात्र कायमची.

१९६२ च्या चीन युद्धात नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. खासदार होणं भाग होतं. १९६३ साली नाशिकची पोटनिवडणूक लागली आणि यशवंतराव बिनविरोध निवडून आले! सहा वर्षांपूर्वी ज्यांना काळे झेंडे दाखवले, त्यांच्या विरोधात कुणीच उभं राहिलं नाही.

त्यांच्या या पद्धतीला बेरजेचं राजकारण म्हणतात. या बेरजेवर टीकाही झाली, आणि ती अगदीच खोटी नाही. विरोधी पक्षातली चांगली माणसं काँग्रेसमध्ये ओढून घेतल्याने विरोधी पक्ष दुबळे झाले. उतारवयात ते कुंपणावर बसतात असंही लोक म्हणू लागले. १९७७ साली ते स्वतःच लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, आणि समोर पंतप्रधान म्हणून बसले होते मुंबईतले त्यांचे जुने वरिष्ठ मोरारजी देसाई! २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत ते गेले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

मला वाटतं, समोरच्याला आपल्या पक्षात ओढणं ही बेरीज सोपी. तो समोरच राहिला, तरी दोघांना हवी असलेली एक गोष्ट शोधून ती पुरी करणं अवघड. यशवंतराव आणि एसेम यांनी ते एकदा करून दाखवलं, म्हणून आपण आज महाराष्ट्र मंडळ म्हणतो. आपल्याकडे तर राज्य मिळवायचं नाही. मुलांची मराठी शाळा चालवायची आहे, दिवाळीचा हॉल ठरवायचा आहे. यंदा त्या कुटुंबाला मी स्वतः फोन करणार आहे. चकल्या त्यांच्याच हातच्या चांगल्या होतात, यावर तरी दोन्ही पक्षांचं एकमत आहे.